चित्रकार्डे : गावाच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ग्रंथांविषयी बोलले जावे हे स्वाभाविकच आहे. तथापि लिहिलेल्या व छापलेल्या कागदाचा एक प्रकार असा आहे की, तो शंभराहून अधिक वर्षे घरोघर येत राहिला, आवडीने वाचला गेला, काही काळ जपलाही गेला, आणि तरीही ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत त्याला क्वचितच स्थान मिळाले. हा प्रकार म्हणजे पोस्टकार्ड. आणि त्यातही विशेषतः एका बाजूस चित्र असलेले पोस्टकार्ड, म्हणजेच चित्रकार्ड. पुस्तकाला लेखक असतो, वृत्तपत्राला संपादक असतो. कार्डाला यांपैकी कोणी नसतो. म्हणून ते कोणाच्याच जबाबदारीचे राहत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे बेवारस साधन आणि त्याच्या आधारे एखाद्या लहान गावाचा इतिहास कसा उभा राहू शकतो, हा आहे.

प्रथम या वस्तूचे कुळ पाहू. पोस्टकार्डाची कल्पना ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमानुएल हेरमान यांनी १८६९ च्या जानेवारीत एका वृत्तपत्रीय लेखातून मांडली. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, लिफाफा आणि पूर्ण टपालहशील खर्च करणे हा राष्ट्रीय अपव्यय आहे, असा त्यांचा साधा हिशेबी युक्तिवाद होता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातील पहिले पोस्टकार्ड विक्रीस काढले आणि पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे तीस लाख कार्डे खपली. १८७० मध्ये इंग्लंडने व १८७१ मध्ये हॉलंडने तीच वाट धरली. ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड आले आणि ज्याला लिफाफा परवडत नव्हता त्या माणसालाही पत्रव्यवहाराचा मार्ग खुला झाला. दरम्यान १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघामुळे एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात विनासायास पोचू लागले होते.

कार्डावर चित्र आले ते यानंतर. प्रारंभी कार्डाची एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवण्याचा नियम होता. त्यामुळे चित्राच्या बाजूलाच, चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत, जागा मिळेल तिथे मजकूर कोंबावा लागे. १९०२ साली इंग्लंडने पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून डावा भाग मजकुरासाठी खुला केला. पुढील काही वर्षांत अन्य देशांनीही हा बदल स्वीकारला आणि चित्राला एक सबंध बाजू मिळाली. येथून पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ हा चित्रकार्डांचा वैभवकाळ होय. त्या काळातील कार्डांचा फार मोठा भाग जर्मनीतील छापखान्यांत छापला जाई. १९१४ साली युद्ध सुरू झाले आणि तो पुरवठा तुटला.

या वैभवकाळात युरोपातील लहान लहान गावांनाही स्वतःची चित्रकार्डे मिळाली, याचे कारण छपाईच्या तंत्रात आहे. काचेच्या पट्टीवर जिलेटिनचा थर देऊन त्यावरून छायाचित्र छापण्याची जी पद्धत होती, तिला कॉलोटाइप म्हणत. या पट्टीवरून काही शेकडा, फार तर हजार-दोन हजार प्रती चांगल्या निघत. पुढे थर झिजे. मोठ्या खपाला ही पद्धत गैरसोयीची, परंतु लहान गावाला अगदी सोयीची. हॉलंडमधील एखाद्या खेड्याचा किराणा दुकानदार शहरातील छायाचित्रकाराला बोलावून आणी; तो चर्च, शाळा, कालव्यावरचा पूल, पवनचक्की, मुख्य रस्ता अशी पाच-दहा छायाचित्रे घेई; आणि काही आठवड्यांनी प्रत्येक चित्राच्या दोन-तीनशे प्रती दुकानाच्या काउंटरवर येत. छायाचित्रकार आला की सारी पोरे रस्त्यात जमत. म्हणून त्या कार्डांवर आजही लाकडी बूट घातलेली ती मुले ओळीने उभी राहून पाहणाऱ्याकडे टक लावून पाहत असतात.

हॉलंडमध्ये अशा कार्डांचा संग्रह करणारी माणसे बहुधा एकेका गावाचा ध्यास घेतात. सारे जग जमवण्याचा त्यांचा हव्यास नसतो. आपल्या गावाची जेवढी कार्डे निघाली असतील तेवढी मिळवावीत, एवढीच त्यांची प्रतिज्ञा असते. एकच रस्ता १९०५ मध्ये, १९१२ मध्ये आणि १९३० मध्ये असा तीनदा छापला गेला असेल, तर ती तिन्ही कार्डे त्यांना हवी असतात. कारण पहिल्यात झाडाचे रोप आहे, दुसऱ्यात झाड आहे आणि तिसऱ्यात झाडाच्या जागी विजेचा खांब आहे. झाल्टबोमेल नावाच्या लहानशा गावातील एका प्रकाशनसंस्थेने 'जुन्या चित्रकार्डांतील अमुक गाव' अशा धर्तीच्या पुस्तकांची मोठी मालाच काढली. एक गाव, एक पुस्तक. प्रत्येक पानावर एक जुने कार्ड आणि त्याखाली त्या घराची, त्या दुकानाची, त्या माणसांची माहिती, अशी तिची साधी रचना. माहिती देणारे बहुधा त्या गावचेच शिक्षक, टपालखात्यातील निवृत्त नोकर किंवा स्थानिक इतिहास मंडळाचे सदस्य. विद्यापीठीय इतिहासकारांनी ज्या गावाकडे कधी वळूनही पाहिले नसते, त्या गावाला या किरकोळ वाटणाऱ्या छंदातून लिखित इतिहास मिळाला.

आता मराठी मुलखाकडे वळू. येथेही चित्रकार्डे निघाली आणि ती उत्तम निघाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस नेलेला छापखाना देवदेवतांच्या रंगीत चित्रांसाठी प्रसिद्ध आहे; त्या चित्रांच्या लहान आवृत्त्या कार्डांवरही आल्या. कोल्हापूरचे सुपुत्र आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील नामवंत चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्री-पुरुषांची जी चित्रे कार्डांसाठी काढली, त्यांना आज जगभरचे संग्राहक मोठे मोल देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ओमर खान यांच्या 'पेपर ज्वेल्स' या ग्रंथाने हिंदुस्थानी चित्रकार्डांचा हा सारा प्रपंच एकत्र मांडला आहे. परंतु या कार्डांत मुंबईचे बोरीबंदर आहे, अपोलो बंदर आहे, पुण्याची पर्वती आहे, महाबळेश्वरचे पॉइंट आहेत. सामान्य खेडे त्यांत अभावानेच आढळते. खेड्यातला माणूस आढळतो, पण तो नमुना म्हणून. 'पाणीवाली', 'भंडारी', 'नर्तकी' एवढेच त्याचे नाव छापलेले असते. हॉलंडच्या खेड्यातील रस्ता गावकऱ्याने गावकऱ्यासाठी छापविला होता. येथील पाणीवाली परक्या ग्राहकासाठी छापली गेली.

गोमंतकाची स्थिती याहून काहीशी निराळी, पण फळ तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोव्हा गोवा, म्हणजे पणजी येथे सौझा अँड पॉल या छायाचित्रकारांची पेढी नावारूपाला आली होती व तिने गोव्याच्या दृश्यांचे चित्रसंग्रहही सिद्ध केले. त्यानंतर निघालेली गोव्याची चित्रकार्डे चाळली, तर त्यांत मोठा भरणा जुन्या गोव्याच्या चर्चचा, पणजीच्या सरकारी इमारतींचा व मांडवीकाठचा आणि मुरगावच्या बंदराचा दिसतो. याची कारणे उघड आहेत. मुरगावहून रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली व तिच्यामुळे परकीय प्रवासी आला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचे सोहळे १९००, १९१०, १९२२, १९३१ व १९५२ या वर्षी झाले आणि त्या निमित्ताने दूरदूरचे यात्रेकरू जुन्या गोव्यास आले. प्रवाशाच्या पायाखाली जी वाट आली तीच कार्डावर आली. नव्या काबिजादींतील महाल, म्हणजे फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, सांगे इत्यादी, या वाटेच्या बाहेर होते. पोर्तुगिजांच्या हाती फोंडा १७६३ मध्ये आणि डिचोली-पेडणे त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गेले. हा सारा मुलूख मंदिरांचा, शेतांचा आणि डोंगरांचा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या देवस्थानांना मुंबई-कारवारपासूनचे कुळावी येत. पण ते प्रसाद व अंगारा घेऊन जात. कार्ड विकत घेऊन पाठवणे ही त्यांची रीत नव्हती, आणि मागणी नाही तिथे छापणारा कोण असणार?

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या काळात गोव्यातील खेड्यांना कॅमेरा दुर्मिळ होता, त्याच काळात पूर्व आफ्रिकेतील झांझिबारमध्ये ए. सी. गोम्स, कुतिन्हो आदी गोमंतकीय छायाचित्रकारांच्या पेढ्या तेथील अरुंद गल्ल्या, नक्षीदार दरवाजे आणि लवंगांच्या वखारी चित्रकार्डांवर छापून साऱ्या जगाला विकत होत्या. झांझिबारचा इतिहास लिहिणाऱ्याला आज गोमंतकीयांनी टिपलेल्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. गोमंतकीयांजवळ कसब होते, साधन होते. आपले गाव चित्रात धरून ठेवण्याजोगे आहे, ही जाणीव मात्र व्यवहारात उतरली नाही.

अशा चित्रांचा उपयोग किती, याची दोन उदाहरणे गोव्यातीलच देता येतील. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका आज तांबड्या जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतींनी ओळखली जाते. नवी पिढी तिला मुळापासून तशीच मानते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कार्डांवर तीच इमारत गिलाव्याने झाकलेली दिसते. तो गिलावा १९५० च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी काढून टाकण्यात आला. उघड्या जांभ्यावर आपल्या पावसाचा मारा होतो व दगड झिजतो, अशी चिंता अलीकडे तज्ज्ञ व्यक्त करतात. गिलावा पुन्हा द्यावा की देऊ नये, या वादात जुने चित्र हाच महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. दुसरे उदाहरण सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचे. त्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले आणि दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा १९३१ साली पडला. आज उरलेला एकाकी मनोरा पाहून मूळ दर्शनी भागाची कल्पना करणे कठीण. १९३१ पूर्वीचे चित्र हाती असेल तर कल्पनेची गरजच उरत नाही. शिवाय अशा चित्रामुळे कार्डाचाही काळ ठरतो: दर्शनी भाग उभा असेल तर छायाचित्र १९३१ पूर्वीचे, एवढे निःशंक सांगता येते.

अर्थात चित्राची साक्षही पारखूनच घ्यावी लागते. रंगीत कार्डांचे रंग पुष्कळदा छापखान्यात मागाहून भरलेले असत आणि रंग भरणाऱ्या कारागिराने ते गाव कधी पाहिलेले नसे. त्यामुळे साडीचा रंग, कौलांचा रंग, नदीचा रंग यांवरून काही सिद्ध होत नाही. नको असलेला खांब किंवा माणूस पुसून टाकला जाई. एकाच गावाचा मथळा दुसऱ्याच गावाच्या चित्राखाली छापला गेल्याची उदाहरणे संग्राहकांना ठाऊक असतात. आणखी एक गोष्ट म्हणजे छायाचित्र एका वर्षी घेतलेले, कार्ड दुसऱ्या वर्षी छापलेले आणि टपालात तिसऱ्याच वर्षी पडलेले असू शकते. हे तीन काळ वेगवेगळे नोंदवणे ही अभ्यासाची पहिली पायरी होय.

गोव्याच्या कार्डांचा काळ ठरविण्यास काही साधी गमके आहेत. पाठीचे दोन भाग नसतील तर कार्ड सामान्यतः १९०७ च्या आधीच्या घडणीचे. मथळ्यात 'पोर्तुगेझा' हा शब्द झेड अक्षराने, किंवा 'फोटो' हा शब्द पीएच या जोडाक्षराने लिहिला असेल, तर तो बहुधा १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन-सुधारणेपूर्वीचा, कारण त्या सुधारणेने ही रूपे बदलली. तिकिटावर राजे दों कार्लुश यांची मुद्रा असेल तर राजेशाहीचा काळ. त्याच राजमुद्रेवर 'रिपुब्लिका' असा ठसा उमटवलेला असेल तर ५ ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतरचा. तिकिटाचे मूल्य रेइश व तांग या नाण्यांत आहे की १९५९ पासूनच्या एस्कुदो-सेंताव्ह पद्धतीत, हेही पाहावे. आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर लवकरच भारतीय तिकिटे आली, तेव्हा एका घराण्याच्या कार्डांच्या गठ्ठ्यात तो संधिकाळ बोटाने दाखवता येतो. लहान मुले तिकिटांच्या छंदापायी कार्डाचा कोपरा कापून नेत. तसे करताना तिकिटासोबत शिक्का जातो आणि शिक्क्यासोबत तारीख.

येथवर चित्राच्या बाजूचा विचार झाला. परंतु ज्या गावाला चित्रच मिळाले नाही, त्याने काय करावे? त्याने कार्ड उलटून पाहावे. चित्रकार्डाचा पारंपरिक संग्राहक चित्रासाठी कार्ड घेतो व मजकुराकडे दुर्लक्ष करतो. फोंडा, डिचोली, पेडणे येथील अभ्यासकाला मात्र उलट क्रम स्वीकारावा लागेल. या गावांचे चित्र नसेल, पण या गावांचा पत्ता निश्चित आहे. मुंबईतील गिरगावातून आलेले राणीच्या बागेचे कार्ड, बेळगावहून आलेले किल्ल्याचे कार्ड, आफ्रिकेहून आलेले बंदराचे कार्ड, अशी कार्डे गावातील कोणत्या घरी आली, कोणत्या वर्षी आली आणि काय निरोप घेऊन आली, हा गावाचाच इतिहास आहे. त्यावर उमटलेल्या शिक्क्यात डिचोलीचे 'बिशोलीं' आणि पेडण्याचे 'पेर्नें' झालेले असते. पत्ता लिहिणारा मात्र देवनागरीत 'मुक्काम पोस्ट', महाल आणि 'वाया' काय ते सविस्तर लिहितो. राज्यकर्त्यांचे लेखन आणि प्रजेचे लेखन तीन इंच रुंदीच्या एका कागदावर शेजारी शेजारी नांदते.

मराठी घरातील कार्डाची स्वतःची एक शिस्त होती. माथ्यावर 'श्री', मग 'सा. न. वि. वि.' किंवा 'अनेक आशीर्वाद', मग कुशल, मग खरा मजकूर, आणि जागा संपत आली की कडेने उभ्या ओळीत 'ता. क.'. पुष्कळदा खरी निकड त्या ता. क. मध्येच सापडते: पैसे पाठवण्याविषयी, मुलीच्या पत्रिकेविषयी, आंब्याच्या पेटीविषयी. जुन्या कार्डांवर मोडीतील मजकूरही आढळतो. तो वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत, म्हणून त्या वाचनाला विलंब परवडणारा नाही. कार्ड उघडे असते, ते टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. १९२६ नंतरच्या पोर्तुगीज हुकूमशाहीच्या काळात, जेव्हा छापील शब्दावर सेन्सॉरची कात्री होती, तेव्हा उघड्या कार्डावर मनुष्य जपूनच लिहिणार. त्या कार्डांतील हवापाण्याच्या व प्रकृतीच्या गोष्टी वाचताना, जे लिहिलेले नाही त्याचेही भान अभ्यासकाने ठेवावे लागते.

दोन खुणा तर आपल्याच घरांच्या आहेत. पहिली म्हणजे कार्डाच्या मध्यभागी पडलेले भोक. आलेली पत्रे तारेच्या आकडीला टोचून ठेवण्याची पद्धत घरोघर होती. परदेशी विक्रेता भोक पडलेल्या कार्डाची किंमत कमी करतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते भोक हे कार्ड घरात जपले गेल्याचे, वर्षाच्या क्रमाने राहिल्याचे प्रमाणपत्र आहे. दुसरी खूण दिसत नाही, कारण ती वस्तूच उरत नाही. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डावर 'श्री' लिहीत नसत, कोपरा फाडलेला असे. आणि असे कार्ड वाचून होताच फाडून टाकण्याचा प्रघात होता, ते घरात ठेवणे अशुभ मानीत. परिणामी एखाद्या घराण्याचा पन्नास वर्षांचा गठ्ठा हाती आला तरी त्यात बारशी, मुंजी, लग्ने, परीक्षांचे निकाल, नोकऱ्या सापडतात; मरणे सापडत नाहीत. एखाद्या व्यक्तीला येणारी कार्डे अमुक महिन्यानंतर थांबतात, एवढाच त्या घटनेचा पुरावा उरतो. संग्रहातील रिकाम्या जागाही बोलतात त्या अशा.

हा विषय केवळ कुतूहलाचा असता तर शताब्दीच्या व्यासपीठावर त्याला वेळ देण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु गोमंतकातील गावे पाहता पाहता बदलत आहेत आणि काही तर नाहीशी झाली आहेत. सांगे तालुक्यातील कुर्डी हा गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा गाव. साळावली धरणाच्या जलाशयात तो १९८० च्या दशकात बुडाला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे उघडे पडतात. विस्थापित गावकरी तेथे जाऊन देवदर्शन घेतात, आपापले अंगण ओळखतात आणि पावसाळा आला की पाणी पुन्हा चढते. अंगण ओळखणारी पिढी संपल्यावर त्या चौथऱ्यांना नावे कोण देणार? डिचोली तालुक्यातील किती टेकड्या लोहखनिजासाठी पोखरल्या गेल्या, हे सर्वांसमोर आहे. फोंड्याचा बाजार, तिस्कावरील जुनी घरे, देवळांच्या अग्रशाळा व तळ्या, बोरीची तर, यांची रूपे पन्नास-साठ वर्षांत इतकी पालटली की, मागील पिढीचे वर्णन नव्या पिढीला कल्पित वाटावे. कुर्डीच्या उदाहरणात धरणाची भिंत दिसते. अन्यत्र तेच कार्य हळूहळू, कोणाच्या नजरेत न भरता होत असते.

तिकडे कागदही टिकत नाही. चार महिन्यांचा आपला पाऊस, दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी यांच्या तडाख्यातून कार्ड वाचलेच, तर घराच्या वाटणीत किंवा जुने घर पाडताना ते रद्दीत जाते. क्वचित एखाद्या जाणकाराच्या हाती पडते, तेव्हा चित्राची कार्डे वेगळी काढली जाऊन लिस्बन-लंडनच्या बाजारात जातात आणि साधी कार्डे फेकली जातात. गठ्ठा फुटला की अर्थ फुटतो. कोणी, कोणाला, कोणत्या घरी लिहिले हा धागा एकदा तुटला म्हणजे उरते ते केवळ एक सुबक चित्र.

म्हणून हे काम स्थानिक ग्रंथालयाचे आहे. पणजीत १५९५ पासूनची परंपरा सांगणारे पुराभिलेखागार आहे, १८३२ पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. परंतु एका वाड्यावरील एका घरातल्या ट्रंकेपर्यंत त्यांचा हात कसा पोचणार? तो विश्वास गावच्या वाचनालयावरच असतो. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू एकेक करून जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू सामान्य होत्या. त्या एका ठिकाणी, नोंदीसह आल्या म्हणून त्यांना संग्रहालयाचे मोल आले. कार्डांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

पद्धत अवघड नाही. घराण्याने मूळ कार्डे द्यावीत असा आग्रह नको; दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रतिमा घेऊन मूळ परत करता येते, आणि आजच्या साधनांनी हे काम एका दुपारचे आहे. प्रत्येक कार्डास क्रमांक द्यावा व नोंदवहीत चित्राचा विषय, छापलेला मथळा जसाच्या तसा, मुद्रक वा प्रकाशक, पाठीचा प्रकार, तिकीट, शिक्क्याची तारीख, पत्ता, मजकुराची नक्कल आणि कार्ड कोणत्या घरून केव्हा आले, एवढे रकाने असावेत. चित्र गावचे असेल तर ते कोठे उभे राहून घेतले हेही लिहावे. त्याच जागेवरून आजचे छायाचित्र घेऊन जोडीला ठेवावे. गावातील वृद्धांना ती चित्रे दाखवावीत आणि ते जे सांगतील ते, सांगणाऱ्याच्या नावासह व दिनांकासह, वेगळे नोंदवावे. म्हणजे कागदाची साक्ष आणि स्मृतीची साक्ष यांची सरमिसळ होणार नाही. ज्या मजकुरात हयात कुटुंबांच्या खासगी गोष्टी असतील तो त्यांच्या अनुमतीवाचून कोणास दाखवू नये. मूळ कार्डे ठेवायची झाल्यास ती गोंदाने वा चिकटपट्टीने कधीही चिकटवू नयेत, स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंडू नयेत. आम्लरहित कागदी पाकिटांत, उभी, भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर एकदा सर्व तपासावीत. गठ्ठा ज्या क्रमाने आला तो क्रम मोडू नये, ही सर्वांत महत्त्वाची दक्षता.

१९१० च्या प्रजासत्ताकानंतर गोमंतकातील हिंदू समाजाला जो मोकळा श्वास मिळाला, त्या काळात मराठी शाळा व वाचनालये जोमाने उभी राहिली. चित्रकार्डांचा बहरही नेमका त्याच सुमाराचा. ज्या पिढीने वर्गणी काढून पुस्तकांची पहिली पेटी आणली, तीच पिढी मुंबईहून, बेळगावहून, कारवारहून आलेली कार्डे तारेला टोचून ठेवत होती. त्या पिढीची पुस्तके वाचनालयाने जपली. तिचे हस्ताक्षर अजून घराघरांच्या माळ्यांवर आहे. शंभर वर्षे ही संस्था वाचकांना देत आली. आता तिने वाचकांकडे काही मागावे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा उघडावी, आणि जो काही गठ्ठा निघेल तो सोडून न टाकता, कार्डे न निवडता, तसाच्या तसा येथील टेबलावर आणून ठेवावा. नोंदवहीचे पहिले पान त्यासाठी कोरे ठेवलेले असावे.